सिंहली अक्काच्या घरी आठ दिवस

आमच्या घरात परदेश म्हटला की दोनच देश ठाऊक. एक दुबई, कारण शेजारच्या चाळीतला मुलगा तिथे नोकरीला आहे; आणि दुसरा अमेरिका, कारण बाबासाहेब तिथे शिकले. आपण स्वतः कधी परदेशात जाऊ, असे मला कारकुनीच्या वीस वर्षांत एकदाही वाटले नव्हते. पण आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने तीन वर्षे भिशी लावली आणि एक दिवस पत्नीने जाहीर केले, “या वैशाख पौर्णिमेला आपण श्रीलंकेत.” मी बी. कॉम. असूनही हा हिशेब मला कळला नव्हता. तिने तो वहीच्या मागच्या पानावर केव्हाच पुरा केला होता.

पहिली करमणूक पासपोर्टपासून झाली. चौकशीसाठी पोलीस शिपाई दारात आला, तेव्हा अर्धी वस्ती गोळा झाली. “भाऊंनी केलं तरी काय?” असा सगळ्यांचा प्रश्न. शिपाई गेल्यावर दोन म्हाताऱ्या माझ्या पत्नीचे सांत्वन करून गेल्या. पासपोर्ट हातात आला तेव्हाच त्यांची खात्री पटली.

आम्ही अठराजण होतो. प्रत्येकाच्या बॅगेत चिवडा, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. मावशींनी सुक्या बोंबलाची पिशवीही भरली होती. विमानात वास सुटेल म्हणून आम्ही ती काढायला लावली. त्याबद्दल पुढे आठ दिवस आम्हाला टोमणे खावे लागले; कारण सांगतोच.

मुंबईहून कोलंबोला विमानाने अडीच तासांच्या आसपास लागतात. आमच्या गावी एस. टी.ने जायला याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे गावापेक्षा परदेश जवळ! विमानतळावर उतरलो, तर समोर बुद्धमूर्ती. आम्ही हातातल्या पिशव्या खाली ठेवून वंदन केले. चार पावले पुढे गेलो, तर दोन्ही बाजूंना दुकाने आणि दुकानांत काय, तर फ्रीज आणि धुलाई यंत्रे! विमानातून उतरून कुणी फ्रीज का घेईल, हे आम्हाला कळेना. मग समजले की आखाती देशांत घरकाम आणि मजुरी करून परतणारी माणसे इथून बिनजकातीचा फ्रीज घेऊन घरी जातात. दोन-दोन वर्षे परक्याच्या घरी भांडी घासून स्वतःच्या आईसाठी धुलाई यंत्र नेणारी एक मुलगी आम्ही तिथे पाहिली. तिच्याकडे पाहताना आपल्याच वस्तीतले कुणी भेटले असे वाटले.

आपल्या एका रुपयाला तिथले तीन रुपयांहून अधिक मिळतात. पैसे बदलून घेतले, तेव्हा खिसा फुगला आणि चालही बदलली. पण चहाचे शंभर रुपये ऐकले आणि पुन्हा कारकून झालो. पत्नी प्रत्येक वस्तूची किंमत मनात तिनाने भागायची आणि मगच श्वास घ्यायची.

रस्त्याने जाताना चौकाचौकांत काचेच्या कपाटातली बुद्धमूर्ती दिसते आणि जिकडेतिकडे आपला पंचरंगी धम्मध्वज. मी “आपला” म्हणालो. पण खरे तर हा ध्वज जन्मला तो कोलंबोतच. १८८५ साली तिथल्या बौद्ध मंडळींच्या समितीने तो तयार केला आणि त्याच वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला तो पहिल्यांदा फडकला. त्या वेळी तिथे इंग्रजांचे राज्य होते आणि बौद्धांना पौर्णिमेची सुट्टीही त्याच वर्षी झगडून परत मिळाली होती. आपल्या विहारावरचा ध्वज इतका प्रवास करून आला आहे, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

आता तर तिथे प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. त्या दिवसाला ते ‘पोय’ म्हणतात. उपोसथाचेच ते रूप. वर्षाला किमान बारा जादा सुट्ट्या! आमच्यातल्या दोन सरकारी नोकरांनी ताबडतोब बदलीचा अर्ज लिहायला घेतला. मात्र पोयच्या दिवशी दारूचे दुकान बंद असते, हे कळल्यावर त्यातल्या एकाने अर्ज मागे घेतला. त्याचे नाव मी लिहीत नाही. त्याची पत्नी हे साप्ताहिक वाचते.

भाषेची धास्ती होती, पण तीही पहिल्या दिवशीच गेली. कुणी भेटले की ते हात जोडून ‘आयुबोवन’ म्हणतात. अर्थ, तुला दीर्घायुष्य लाभो. आपण लग्नपत्रिकेत आणि सभेच्या पत्रकात नावाआधी ‘आयु.’ लिहितो, त्यातलेच हे आयुष्य! मोठ्या बहिणीला अक्का, आईला अम्मा, मिरचीला मिरिस, भाताला बत. दुधात शिजवलेला भात म्हणजे किरिबत. आपली खीर आणि आपला भात. आकडे तर ऐका : एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नमय, दहय. आपल्या ‘स’चा त्यांच्याकडे पुष्कळदा ‘ह’ होतो. सहाचे ‘हय’ आणि साताचे ‘हत’ ते त्यामुळेच. पत्नीने दुकानात बोटे दाखवून “दहा” म्हटले आणि दुकानदाराने बरोबर दहा पाकिटे चहा पुढे केला. “मला सिंहली येते,” असे ती त्या दिवसापासून सांगते. तिला आकड्यांतला फक्त दहा येतो.

जेवणाची गंमत मावशींना विचारा. ताटात भाताचा डोंगर आणि भोवती पाच-सहा भाज्या, सगळ्यांत नारळ. आमटीतही काहीतरी ओळखीची चव. मावशींनी दोन घास खाल्ले आणि हातातला घास तसाच ठेवून म्हणाल्या, “यात सुकी मासळी आहे!” होतीच. वाळवून लाकडासारखी कडक केलेल्या मासळीचा चुरा तिथे आमटीत, चटणीत, कशातही घालतात. सुक्या मासळीच्या देशात आम्ही मावशींचे बोंबील येऊ दिले नव्हते! शाकाहारी दोघांनी मात्र आठ दिवस फणसाची भाजी आणि नारळाची पोळी यांवर काढले. जाळीदार आप्पे, शेवयांसारखी इंदिआप्पा, केशरी रंगाच्या शहाळ्याचे पाणी. उपाशी कुणी राहिले नाही.

पहिला मोठा मुक्काम अनुराधपूर. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी आणली आणि इथे लावली, त्याला तेवीसशे वर्षे होत आली. माणसाने लावलेले आणि लावल्याचा काळ ठाऊक असलेले इतके जुने झाड जगात दुसरे नाही, असे मानतात. उंच ओट्यावर, सोनेरी कठड्याच्या आत ते झाड उभे आहे. म्हाताऱ्या माणसाला काठी द्यावी तसे त्याच्या फांद्यांना टेकू दिले आहेत. पान तोडायला बंदी. आपोआप गळून पडले तर ज्याच्यापुढे पडेल त्याचे भाग्य. आम्ही अठराजण पाऊण तास वर बघत बसलो. एक पान पडले, ते बाजूच्या एका शाळकरी मुलीपुढे. तिने ते उचलून मावशींच्या हातावर ठेवले आणि पळून गेली. मावशी तिथे रडल्या. सुक्या बोंबलाचा राग त्या क्षणापुरता त्यांनी आम्हाला माफ केला.

जवळच जेतवनाचा स्तूप आहे. बांधला तेव्हा त्याची उंची १२२ मीटरच्या आसपास होती आणि गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर त्या काळच्या जगात त्याहून उंच इमारत नव्हती. आत नऊ कोटींहून अधिक विटा आहेत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आमच्यातल्या गवंडीकाम करणाऱ्या दादांनी स्तूपाला अर्धी प्रदक्षिणा घातली, विटांवर हात फिरवला आणि म्हणाले, “मुकादम चांगला होता.” इतिहासावर याहून नेमके भाष्य मी ऐकलेले नाही. तिथे सगळीकडे चपला बाहेर काढाव्या लागतात. मे महिन्यातल्या दुपारी त्या फरशीवर अनवाणी चालणे म्हणजे तव्यावर चालणे. आम्ही प्रदक्षिणा घातली की नाचलो, हे बघणाऱ्यांनाच ठाऊक.

एक चूक माझ्याही हातून झाली. मूर्तीकडे पाठ करून मी ऐटीत फोटोला उभा राहिलो, तोच पहारेकरी धावत आला. बुद्धाकडे पाठ करून फोटो काढणे तिथे अनादराचे समजतात. मी कान पकडले. तो हसला आणि त्यानेच आमचा फोटो काढून दिला. बुद्ध मध्ये आणि आम्ही दोन्ही बाजूंना अंग वळवून. घरी तो फोटो लावला आहे. पाहुणे विचारतात, “असे तिरके का उभे आहात?”

तिथून आम्ही कँडीला आलो. डोंगरातले गार शहर, मधोमध तळे आणि तळ्याकाठी दळदा मालिगाव, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूचे मंदिर. दंतधातू प्रत्यक्ष दिसत नाही, तो ठेवलेला सोन्याचा करंडक पूजेच्या वेळी दिसतो. ढोल वाजू लागतात, हातात कमळे घेतलेल्या माणसांची रांग सरकते आणि आपणही सरकतो. आत जाताना कसून झडती होते. १९९८ च्या जानेवारीत या मंदिरावर बॉम्बहल्ला झाला होता. १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षे या देशाने यादवी युद्ध सोसले. सिंहली मेले, तमिळ मेले. बुद्धाच्या देशात असे व्हावे, हा विचार त्या झडतीच्या रांगेत कुणालाही चुकत नाही.

याच देशात मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषद भरली होती आणि भारताचे कायदेमंत्री असताना बाबासाहेब तिला आले होते. धर्मांतराला अजून सहा वर्षे होती. बौद्ध देशातला धम्म लोकांच्या जगण्यात कितपत जिवंत आहे, हे त्यांना स्वतः पाहायचे होते. भारावून जायला ते आले नव्हते, पारखायला आले होते. मी मात्र तोपर्यंत नुसता भारावलोच होतो.

वैशाख पौर्णिमा, त्यांचा वेसाक, आम्हाला कँडीतच लाभला. पत्नीने आणि बाकी बायकांनी नेहमीप्रमाणे पांढऱ्या साड्या नेसल्या आणि बाहेर पडल्या, तर रस्ताभर पांढऱ्याच साड्या! त्या दिवशी तिथल्या बायाही शुभ्र वस्त्रे नेसून शील घ्यायला विहारात जातात. आमच्या बायका त्यांत अशा मिसळल्या की तिथल्या आजीबाई त्यांच्याशी सिंहलीत बोलू लागल्या. मावशी मराठीत उत्तरे देत होत्या. दोघींचे अर्धा तास छान चालले. त्रिशरण-पंचशील सुरू झाले तेव्हा चाल वेगळी होती, पण शब्द तेच. आम्हाला एकही शब्द शिकावा लागला नाही. परक्या मुलखात आपली प्रार्थना सगळ्यांच्या तोंडी ऐकणे काय असते, ते सांगता येत नाही. शेवटी तीनदा ‘साधू’ म्हणताना आमच्या गवंडी दादांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

रात्री घरोघर कागदी कंदील लागले आणि रस्त्यावर ‘दन्सल’ मांडल्या गेल्या. दन्सल म्हणजे येईल त्याला फुकट जेवण. आपल्या चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर असते तसेच. फरक इतकाच की तिथे पोरे झेंडा घेऊन रस्त्यात आडवी येतात आणि गाडी थांबवून खायला लावतात. आम्ही एका ठिकाणी भात खाल्ला, पुढे उकडलेले कंद, त्यापुढे आईस्क्रीम. नको म्हटले तर मुले नाराज होतात. नाव नाही, गाव नाही, धर्म नाही. हात पुढे केला की द्रोण मिळतो. “इथे जात नाहीच बघा,” मी पत्नीला मोठ्याने म्हणालो. त्या वाक्याची किंमत मला दोनच दिवसांत मोजावी लागली.

आम्ही उतरलो होतो ते घर एका निवृत्त शिक्षिकेचे. त्या वरच्या चार खोल्या पाहुण्यांना देतात. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, त्या माझ्या पत्नीला ‘नंगी’ म्हणायच्या. म्हणजे धाकटी बहीण. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा पत्नीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अर्थ कळल्यावर ती स्वतःच हसत सुटली. अक्कांचे इंग्रजी स्वच्छ, माझे फायलीतले. तरी जमले. २०२२ साली देशाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा पेट्रोलसाठी लागलेल्या रांगा, बंद पडलेला गॅस आणि चुलीवरचा स्वयंपाक, सगळे त्यांनी हसत हसत सांगितले.

“तुम्ही कधीपासून बौद्ध?” त्यांनी विचारले.

“१९५६ पासून.”

“आम्ही तेवीसशे वर्षांपासून.”

“म्हणजे ज्येष्ठता यादीत तुम्ही वर, आम्ही खाली,” मी म्हणालो. त्या खूप हसल्या.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे इंग्रजी वर्तमानपत्र आले. सवयीने मी आधी जाहिराती उघडल्या. विवाहविषयक पान होते. वाचले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले. ‘गोवी बौद्ध’ आईवडिलांना डॉक्टर मुलीसाठी अनुरूप वर पाहिजे. ‘करावा बौद्ध’ मुलासाठी वधू पाहिजे. पत्रिका पाठवावी. मी अक्कांना विचारले, “हे गोवी म्हणजे काय?”

त्या जरा थांबल्या. मग सरळ सांगितले, “जात.”

मग एकेक उलगडत गेले. गोविगम म्हणजे शेतकऱ्यांची, वरची मानलेली जात. करावा मासेमारी करणाऱ्यांची. याशिवाय आणखी कितीतरी. आणि हे लग्नापुरतेच नाही. १७५३ साली सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, आलेल्या भिक्खूंनी कँडीत खंडित झालेली उपसंपदा पुन्हा सुरू केली. पण थोड्याच वर्षांत ती गोविगमांपुरती राखली गेली. बाकीच्यांना चीवर मिळेना. तेव्हा त्यांच्यातले काहीजण समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपूरला गेले, १८०० साली तिथे उपसंपदा घेतली आणि परत येऊन त्यांनी आपला अमरपूर निकाय उभा केला. गावच्या विहिरीवर पाणी मिळाले नाही, तर माणसाने दुसरी विहीर खणावी, तसे! हे ऐकताना मला त्या श्रामणेरांविषयी फार आपलेपणा वाटला.

“आता पुष्कळ कमी झाले आहे,” अक्का म्हणाल्या. काही जाहिरातींत ‘जात महत्त्वाची नाही’ असेही छापले होते. ते त्यांनी बोट ठेवून दाखवले. “पण माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न याच कारणाने मोडले. ती पुढे अविवाहितच राहिली.” मग त्यांनी मला विचारले, “तुमच्याकडे जाहिरातीत काय लिहितात?”

“फक्त बौद्ध,” मी छाती काढून म्हणालो.

पत्नीने माझ्याकडे पाहिले. ती बोलली काहीच नाही. परदेशात नवऱ्याची अब्रू काढायची नाही, एवढी रीत ती पाळते. पण त्या नजरेला व्हिसा लागत नाही.

वाचकहो, ती नजर कशाची होती ते सांगतो. माझा थोरला भाऊ आज हयात नाही. त्याच्या मुलीसाठी मागच्या दिवाळीत एक स्थळ आले होते. मुलगा शिक्षक, निर्व्यसनी, घरात बुद्धपूजा. वडील वस्तीतल्या विहाराचे काम पाहतात. एकच गोष्ट : त्यांनी धम्म घेतला तो आपल्यानंतर आणि आधीची त्यांची जात वेगळी. आमच्या घरच्या बैठकीत कुणीतरी म्हणाले, “बौद्ध आहेत, पण आपल्यातले नाहीत.” विषय तिथेच मिटला. दर १४ ऑक्टोबरला जातिअंतावर भाषण करणारा मी त्या बैठकीत हजर होतो आणि चहा पीत राहिलो. अक्कांच्या देशात निदान छापून तरी येते. आम्ही ‘फक्त बौद्ध’ छापतो आणि बाकीचे फोनवर विचारतो. पोटजातसुद्धा विचारतो.

परतीला आम्ही कँडी-कोलंबो रेल्वेने आलो. १८६७ साली कँडीपर्यंत पोहोचलेला हा मार्ग आपल्या खंडाळ्याच्या घाटाची आठवण देतो. तशीच दरी, तसेच बोगदे. डब्यात वर कोळंबी लावलेले वडे विकायला येतात. मावशींनी चार घेतले. सगळे खिडकीला चिकटले होते. मी पत्नीला म्हणालो, “त्या मास्तरांच्या घरचा पत्ता आहे का गं?” ती म्हणाली, “आहे. वहीच्या मागच्या पानावर.”

श्रीलंकेने मला काय दिले, असे लोक विचारतात. धम्म किती साधेपणाने रोजच्या जगण्यात मुरू शकतो, हे त्यांच्याकडून शिकावे. फुले घेऊन गुपचूप येणारी माणसे, रस्त्यात अडवून जेवू घालणारी पोरे. पण थोरल्याच्या घरी गेलो म्हणजे त्याच्या चुकाही आणाव्यात, असे नाही. आपण ज्येष्ठता यादीत खाली असू. जात सोडण्यासाठीच इकडे आलेलो आपण. निदान या एका विषयात तरी आपण वरच्या नंबरवर असायला हवे. तेवीसशे वर्षांतही ती आपोआप जात नाही, हे मी डोळ्यांनी वाचून आलो. ती कुणीतरी उठून घालवावी लागते.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी, पत्नी आणि वहिनी त्या मास्तरांच्या घरी गेलो. पुतणीला आधी विचारले होते. ती म्हणाली, “काका, मी तर तेव्हाही हो म्हणणार होते. मला विचारलंच कुठं कुणी?” लंकेच्या चहाचे एक पाकीट बरोबर नेले होते. मुलाच्या आईने दार उघडले, आम्हाला ओळखले आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग आत बोलावले, पाणी दिले आणि शांतपणे विचारले, “इतक्या महिन्यांनी कसं येणं केलंत?”

मी म्हणालो, “ताई, निघालो तेव्हाच होतो. वाटेत श्रीलंका लागली.”

पुढचे ती दोन मुले बोलून ठरवतील. आमच्यापुरते सांगायचे तर त्या दिवशी चहा त्यांनी केला, आम्ही प्यायलो. या वेळी मी नुसता चहा पीत राहिलो नाही.